नवं वार्तास्थळ काढायचं आहे, पण रात्री तपासायला कोण बसणार?

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत राहते, शाळेत शिकवते. २०१९ च्या महापुरानंतर एका स्थानिक वार्तास्थळासाठी विनामोबदला लिहू लागले, ते आजपर्यंत. लोकांनीच लोकांच्या बातम्या द्यायच्या, एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं आणि मगच बातमी वर जाऊ द्यायची, अशा बोलीवर एका सरांनी ते सुरू केलं. पगार कोणालाच नाही.

आता तिथे राहवत नाही. तपासणी सगळी अण्णांच्या हातात आहे. ते एका दैनिकातून निवृत्त झालेले उपसंपादक. बातमी दोन-दोन दिवस अडकते. ‘निबंध लिहू नका’ असं ग्रुपवर सगळ्यांसमोर सुनावतात. २०२१ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४८ फूट झाल्याची माझी बातमी त्यांनी तीन तास अडवून ठेवली. नंतर ती ४८ झालीच ना! तोवर आकडा सगळीकडे फिरून झाला होता.

दुसरं असं की, गेल्या वर्षीपासून जाहिराती आल्या आहेत. त्यात एक बांधकाम व्यावसायिक आहे. त्याच्या कामामुळे नाला बुजल्याची आमच्यातल्या एकाची बातमी तपासून वर गेली होती, ती दुसऱ्या दिवशी दिसेना. सर म्हणाले, ‘तांत्रिक अडचण.’ जाहिरातींचा हिशेब विचारला तर म्हणाले, ‘इतकी वर्षं सर्व्हरचे पैसे कोण भरतंय?’

आम्ही अकरा जणांनी वेगळा ग्रुप केला आहे. नव्या स्थळाचं नाव ठरलंय, डोमेन घेतलंय. आपापल्या जुन्या बातम्या तिकडे न्यायच्या आणि संपादक मी व्हायचं, असं सगळे म्हणतात. सरांना यातलं काही माहीत नाही. मला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं. मी गेले तर ती गद्दारी होईल का? आणि गेलो तर आम्ही टिकू का?

— एक स्वयंसेविका, सांगली

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तुम्ही तिन्ही एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. त्या सुट्या करून बघा. बातमी उशिरा जाते, ही पहिली. अण्णा चारचौघांत बोलतात, ही दुसरी. आणि जाहिरातदाराविरुद्धची बातमी गायब झाली, ही तिसरी. माझ्या मते पहिल्या तक्रारीसाठी घर सोडू नये. दुसरी समोरासमोर बसून मिटवता येते. तिसरी मात्र खरी असेल तर तेवढ्या एकाच कारणासाठी तिथून निघणं योग्य आहे. मला खटकलं ते हे, की तुमच्या अकरा जणांचा राग पहिल्या दोन तक्रारींवरच जास्त दिसतो. नाल्याच्या बातमीला पत्रात तीन-चार वाक्यं मिळाली आहेत आणि अण्णांना पूर्ण परिच्छेद.

अण्णांपासूनच सुरुवात करतो, कारण नव्या स्थळाचं काय होणार हे तिथेच ठरणार आहे.

पुराच्या त्या रात्रीचा विचार करा. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर ही सखल वस्ती त्याच्या आधीच हलायला लागते. त्यानंतरचा एकेक फूट म्हणजे वरच्या कुठल्या तरी गल्लीचा निर्णय असतो: सामान माळ्यावर टाकायचं की म्हाताऱ्या माणसाला उचलून नातेवाइकाकडे न्यायचं, जनावरं सोडायची की बांधलेलीच ठेवायची. अशा वेळी ‘४८’ हा आकडा कुणी, किती वाजता, स्वतः पट्टी बघून सांगितला, की तो कुणाच्या तरी फॉरवर्डमधून आला, हे विचारणं म्हणजे अडवणूक नव्हे. पाटबंधारे विभागाचा शेवटचा आकडा काय होता, कोयनेतून किती क्युसेक सोडलेत, पाणी तासाला किती इंचांनी चढतंय आणि त्या हिशेबानं ४८ बसतं का, हे ताडून बघायला वेळ लागतोच. तुम्ही म्हणता, नंतर ती ४८ झालीच. पण तीन तासांनंतर खरी ठरलेली पातळी तीन तास आधी खरी नव्हती. त्या तीन तासांत कुणी घाबरून मुलाबाळांना घेऊन अंधारात, पाण्यातल्या रस्त्यानं निघालं असतं तर? त्या रात्री तुम्ही जागून काम केलंत, त्याचं मोल मोठं आहे. पण अण्णांनीही त्या रात्री त्यांचं काम केलं, असं मला वाटतं.

मग चूक कुठे आहे? चूक ही आहे की तपासणारा माणूस एकच आहे. अण्णा आजारी पडले, लग्नाला गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, की जिल्ह्याच्या बातम्या थांबतात. एकाच माणसावर सगळा भार पडला की तो चिडतो, तोडून बोलतो आणि लिहिणाऱ्याला वाटतं की हा आपला शत्रू. हे दुखणं तुमच्याच गावचं नाही.

विकिपीडियाच्याच कुटुंबात ‘विकिन्यूज’ नावाचं एक वार्तास्थळ २००४ च्या अखेरीस सुरू झालं. कोणीही बातमी लिहावी, निदान दोन स्वतंत्र स्रोत द्यावेत आणि त्या लेखाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या सभासदानं तपासल्यावरच ती प्रसिद्ध व्हावी, अशी पद्धत इंग्रजी विकिन्यूजवर रुळली. पद्धत म्हणून मला ती आजही आवडते. पण तपासणारे मोजके आणि काम किचकट. बातमी रांगेत पडून राही, तोवर ती शिळी होई आणि शिळी झाली म्हणून नाकारली जाई. लिहिणाऱ्यानं आपली संध्याकाळ घालवलेली असे आणि हाती येई तो नकार. त्यात बोलण्याचालण्यातला कडवटपणा. अखेर सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या काही जुन्या, जाणत्या सभासदांनी बाहेर पडून ‘ओपनग्लोब’ नावाचं स्वतःचं वार्तास्थळ काढलं. निदान नऊ जणांनी त्याला उघड पाठिंबा दिला होता. तुम्ही अकरा आहात, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगतो.

ओपनग्लोब आज नाही. ज्याला कंटाळून ही मंडळी बाहेर पडली ते विकिन्यूज मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं रखडत का होईना, चालत राहिलं. बाहेर पडलेली माणसं कामचुकार नव्हती, उलट तिथली उमेदीची माणसं तीच होती. मला वाटतं, त्यांना जे नडलं तेच तुम्हाला नडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्ञानकोश किंवा प्रवासाची माहिती देणारं स्थळ सोडून लोक बाहेर पडतात तेव्हा जुनं भांडार सोबत नेता येतं. विकिट्रॅव्हलचं उदाहरण घ्या. २००३ मध्ये सुरू झालेलं हे स्वयंसेवकांचं स्थळ २००६ मध्ये इंटरनेट ब्रँड्स या कंपनीनं विकत घेतलं. त्याच वर्षाच्या शेवटी जर्मन स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी ‘विकिव्हॉयेज’ काढलं. इंग्रजीतले बरेचसे लोक २०१२ मध्ये निघाले आणि जानेवारी २०१३ मध्ये विकिव्हॉयेज विकिमीडिया या विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली रीतसर सुरू झालं. ते आजही आहे. मजकुराचा परवाना मोकळा होता, म्हणजे तो कुणालाही वापरता येत होता, त्यामुळे शहरांची, हॉटेलांची, बसमार्गांची सगळी माहिती त्यांना उचलून नेता आली. पहिल्याच दिवशी वाचकाला भरलेलं घर मिळालं.

बातमीचं तसं नाही. परवाच्या स्थायी समितीच्या सभेची बातमी नव्या पत्त्यावर टाकलीत तरी ती वाचायला कोण येणार? बातमीच्या स्थळाकडे साठवलेलं धन फारसं नसतंच. त्याच्याकडे असते ती रोजची सवय: सकाळी मार्केट यार्डातला हळदीचा आणि बेदाण्याचा भाव कोणी घ्यायचा, महापालिकेच्या सभेला कोणी बसायचं, आलेला मजकूर रात्री साडेदहाला कोणी वाचायचा, शंका आली तर तलाठ्याला किंवा पोलीस ठाण्यात फोन कोणी लावायचा. जुन्या बातम्या नेण्यावर तुमच्या ग्रुपवर जेवढी चर्चा झाली असेल, तेवढी या रोजच्या कामावर झाली आहे का? तुमच्या पत्रात नाव आहे, डोमेन आहे, संपादक आहे. पण रात्रीचा तपासनीस नाही.

नवं स्थळ पहिले दोन महिने धडाक्यात चालतं, कारण राग ताजा असतो आणि रागाचं बळ मोठं असतं. तिसऱ्या महिन्यात परीक्षा येतात, कुणाची बदली होते, कुणाच्या घरी आजारपण निघतं. अकरातले चार उरतात. त्या चारांतला एक जण तपासणी अंगावर घेतो, कारण दुसरं कोणी घेत नाही. वर्षभरात तोच तुमचा नवा अण्णा होतो. आणि संपादक तुम्हाला करायचं ठरलंय, तेव्हा तो नवा अण्णा बहुधा तुम्हीच असाल, तीही शाळा सांभाळून.

टिकलेलं उदाहरणही आहे. संगणक आणि विज्ञानाच्या बातम्यांचं ‘स्लॅशडॉट’ हे इंग्रजी स्थळ वाचकांनी सुचवलेल्या बातम्यांवर चालतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मालकांनी त्याचं रूप बदलायला घेतलं तेव्हा वाचक भडकले, आठवडाभर बहिष्कार टाकला आणि त्याच महिन्यात काही जणांनी ‘सॉयलेंटन्यूज’ काढलं. स्लॅशडॉट ज्या संगणकप्रणालीवर उभं राहिलं, तिची जुनी आवृत्ती खुली होती. तीच त्यांनी घेतली. जाहिरातीऐवजी वर्गणीवर खर्च चालवला आणि आलेल्या बातम्या निवडून, नीट करून लावणारे स्वयंसेवक संपादक एकापेक्षा जास्त ठेवले. तेही मोठं झालं नाही, मधे बंद पडण्याचीही वेळ आली, पण दहा वर्षं उलटून गेली तरी ते चाललं. त्याचा आवाका लहान आणि काम ठरलेलं, यामुळे ते निभावलं असं मला वाटतं. त्यांनी सगळ्या जगाच्या बातम्या द्यायचा संकल्प केला नव्हता.

तेव्हा तुमच्या अकरा जणांना माझा पहिला निरोप असा की, डोमेन घेतलंय ते राहू द्या, पण वर्षभराचं वेळापत्रक कागदावर मांडा. आठवड्याच्या सात रात्री, प्रत्येक रात्री दोघं, त्यातलं एक जरी अडलं तरी दुसरं हजर. दिवाळीत कोण, दहावीच्या परीक्षेत कोण, पुरात कोण. लिहिणारा स्वतःची बातमी तपासणार नाही, हा नियम वर मोठ्या अक्षरात. नावं भरली गेली तर पुढचं बोला. नावं भरताना माणसं ‘बघू, करू’ म्हणायला लागली तर समजा की त्यांना नवं स्थळ नको आहे, अण्णांपासून सुटका हवी आहे. ती सुटका जुन्याच घरात मिळू शकते: तपासणीला आणखी चार माणसं द्या आणि रात्री वाटून घ्या. अण्णांनाही ते हवंच असेल. त्यांना कधी कुणी विचारलंय का?

आता तिसरी तक्रार. इथे मी तुमच्या बाजूनं आहे आणि ठामपणे आहे.

लोकांनी फुकट लिहिलेल्या बातम्यांवर जाहिरात घेणं हे आपोआप पाप ठरत नाही. सर्व्हरला पैसे लागतात, सर ते खिशातून भरत आले असतील तर त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं. पण पैसा आला की हिशेब आला, आणि स्वयंसेवकांच्या घरात तो हिशेब मागितल्यावर नव्हे, न मागता भिंतीवर लागला पाहिजे. शिवाय पैसे देणाऱ्याविरुद्धची बातमी काढली जाते तेव्हा प्रश्न हिशेबाचाही राहत नाही. नाला बुजला म्हणून पहिल्या मोठ्या पावसात कुणाच्या तरी घरात पाणी शिरणार आहे. त्या घरानं तुमच्यावर विश्वास ठेवलेला आहे.

पण आधी खात्री करा. ‘तांत्रिक अडचण’ खरी असू शकते का, हे तपासायला सोपं आहे. तीच बातमी, तशीच, पुन्हा पाठवा. सोबत सरांना लेखी विचारा: आधीची बातमी कुणी आणि का काढली, ही कधी लागेल? आठ दिवस वाट पाहा. पुन्हा लागली तर एक गैरसमज मिटला. नाही लागली, किंवा ‘जरा मवाळ करून द्या’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

अशा वेळी बाहेर पडणाऱ्यांमुळे मागे राहिलेलं घरही सुधारतं, याचा एक मोठा दाखला आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियावरचे बरेच स्वयंसेवक उठून गेले आणि त्यांनी सेव्हिल विद्यापीठाच्या मदतीनं ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ काढला. विकिपीडियावर पुढे जाहिराती येतील, आपल्या फुकट कष्टांवर कुणीतरी कमाई करेल, ही भीती त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक होती. त्यांचा कोश पुढे मागे पडला, स्पॅनिश विकिपीडिया त्याच्या पुढे निघून गेला. पण विकिपीडियावर आजही जाहिरात नाही, आणि त्यात या लोकांच्या जाण्याचाही वाटा आहे असं मी मानतो. म्हणून, तुमचं स्थळ टिकलंच नाही तरी जाणं वाया गेलं असं होणार नाही. मात्र त्यासाठी कशामुळे गेलो हे स्वच्छ सांगता आलं पाहिजे. ‘अण्णा रागावतात’ म्हणून गेलात तर सरांवर काहीच ओझं राहत नाही. ‘नाल्याची बातमी का काढली?’ म्हणून गेलात तर राहतं.

पैशाबाबत एक कटू गोष्ट आधीच माहीत असू द्या. अमेरिकेत ‘हफिंग्टन पोस्ट’साठी हजारो लोकांनी विनामोबदला लिहिलं. फेब्रुवारी २०११ मध्ये ते स्थळ ३१.५ कोटी डॉलरला एओएल कंपनीला विकायचं ठरलं, तेव्हा लिहिणाऱ्यांतर्फे १०.५ कोटी डॉलरचा दावा दाखल झाला. मार्च २०१२ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला: पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनच तुम्ही लिहिलं होतं, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या अंगानं ते बरोबर असेल, मला मात्र त्या लिहिणाऱ्यांचं दुःख खरं वाटतं. तुम्ही जुन्या स्थळाच्या जाहिरातींतला वाटा मागायला जाऊ नका, तो मिळणार नाही. आणि नव्या स्थळात पैसा आला तर त्याचं काय करायचं, हे रुपयाही येण्याआधी लिहून काढा.

जुन्या बातम्या नेण्याबद्दल. तुम्ही पगारी नोकर नाही, त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलेल्या मजकुराच्या पहिल्या मालक सर्वसाधारणपणे तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो सहीनिशी लेखी द्यावा लागतो. पण सभासद होताना तुम्ही कुठल्या अटी मान्य केल्यात, त्या मजकुरासाठी कोणता परवाना ठरला होता, हे काढून वाचा आणि ओळखीच्या वकिलाला दाखवा. शिवाय तुमच्या बातमीत अण्णांनी फिरवलेला हात आहे, दुसऱ्या कुणाचे फोटो आहेत. ते तुमचे नाहीत. माझं मत विचाराल तर एकही जुनी बातमी नेऊ नका. त्यातून वाचक मिळणार नाही, भांडण मात्र मिळेल. सांगलीकरांसाठी त्या नोंदी जिथे आहेत तिथेच सापडू द्या.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे निरोप. मघाच्या विकिट्रॅव्हल प्रकरणात २०१२ मध्ये कंपनीनं दोन स्वयंसेवकांवर अमेरिकेत दावा ठोकला. सगळं विकिट्रॅव्हलच दुसरीकडे चाललंय असा समज होईल असा ईमेल सभासदांना पाठवल्याचा आरोप त्यात होता. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये समेट झाला. पण जे लोक हौसेनं बसमार्ग आणि धर्मशाळा लिहीत होते त्यांना काही महिने वकिलांच्या दारात काढावे लागले. तेव्हा जुन्या ग्रुपमधले फोन नंबर उचलून घाऊक निरोप पाठवू नका. नव्या स्थळाचं नाव, रंग, बोधचिन्ह जुन्याशी मिळतंजुळतं ठेवू नका. ‘आम्हीच खरे’ असं कुठे लिहू नका.

आणि संपादक म्हणून तुमचं नाव लावण्याआधी घरच्यांशी बोला. आजवर कुणी नोटीस पाठवली तर ती सरांच्या पत्त्यावर जात होती. उद्या तो बांधकाम व्यावसायिक तुमच्याच पत्त्यावर पाठवेल. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंतची साधी कैद होऊ शकते. डिजिटल वृत्तमाध्यमांसाठी २०२१ चे केंद्राचे नियमही आहेत. त्यातल्या नियम ९ च्या दोन पोटनियमांना ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली होती. ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे हे त्यातले एक याचिकाकर्ते. आज काय लागू आहे आणि काय नाही, हे वकिलाकडून समजून घ्या. तुमची शाळा अनुदानित असेल तर संपादक म्हणून नाव लावायला सेवाशर्ती आड येतात का, तेही मुख्याध्यापकांना विचारून घ्या. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. नाल्याची बातमी लावायची तर ती लावणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे माहीत पाहिजे, म्हणून लिहितोय. अशा बातमीची कागदपत्रं, फोटोच्या तारखा, महापालिकेकडे केलेल्या अर्जाची पोच, हे सगळं एका फाइलीत ठेवा, आणि तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती फाइल बघायला द्या.

राहिला तुमचा खरा प्रश्न, सरांचा. गद्दारी होईल का, असं तुम्ही विचारलंत. जाण्यानं होत नाही. मराठी आंतरजालावर लोकांनी लिहायची संकेतस्थळं एकामागून एक आली: २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘मिसळपाव’, २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’. लिहिणाऱ्यांतली कितीतरी माणसं तीच होती, काही जण तर दोन्ही-तिन्ही ठिकाणी लिहीत. कुणाचं काही बुडालं नाही, मराठीत लिहायला जागा वाढल्या. स्वयंसेवक हा कुणाचा बांधील नसतो. त्यानं दिलेला वेळ ही देणगी असते आणि देणगी कुठे द्यायची ते तोच ठरवतो.

पण सरांना न सांगता अकरा जणांचा ग्रुप चालवणं, त्यांच्या घरी चहा पिऊन बाहेर आल्यावर त्याच ग्रुपवर लिहिणं, हे मला बरं वाटत नाही. ते तुम्हालाही बरं वाटत नाहीये, नाहीतर हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता. त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा. एकट्या जा. सोबत शिष्टमंडळ नको, फोनवर नको. नमस्कार करा आणि सरळ सांगा: ‘सर, मला लिहायला तुम्ही शिकवलंत. बातमी पैशासाठी काढायची नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. नाल्याची बातमी परत लावा आणि जाहिरातींचा हिशेब सगळ्यांसमोर ठेवा. हे झालं नाही तर आम्ही काही जण वेगळं स्थळ काढणार आहोत, आणि हे तुम्हाला माझ्या तोंडून कळावं असं मला वाटलं.’ ते रागावतील. रागावू द्या, उलट बोलू नका. त्यांना विचार करायला वेळ द्या, ‘आत्ताच सांगा’ म्हणू नका. इतकी वर्षं ज्यानं पदरमोड करून एक जागा चालवली, त्याला स्वतःची चूक कबूल करायला थोडा अवकाश लागतो.

अण्णांनाही भेटा. त्यांना म्हणावं, अण्णा, चुका दाखवा, पण ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या फोनवर. निवृत्त माणसाला असं स्पष्ट कुणी सांगितलेलं नसतं. आणि शेवटी निघायचंच ठरलं तर त्यांनाही विचारा, येता का म्हणून. ते आले तर तुमच्या नव्या स्थळावर पहिल्या दिवसापासून चुकीची बातमी जाणार नाही, आणि सात रात्रींपैकी दोन त्यांना दिल्या तर ते चिडणारही नाहीत.

सरांचं उत्तर आलं की मला कळवा. माझा सल्ला त्यानुसार बदलेल, कसा बदलेल ते आत्ताच लिहितो. बातमी परत लागली आणि हिशेब उघडा झाला, तर थांबा, अकरा जणांनी तपासणीच्या रात्री वाटून घ्या आणि डोमेन वर्षभरानं आपोआप संपू द्या. बातमी लागली पण हिशेब आला नाही, तर जाहिराती कुणाच्या घ्यायच्या आणि पैसा कुठे जायचा हे ठरवणारी तीन जणांची समिती मागा, त्यात सरांनी न निवडलेलं निदान एक माणूस असावं, आणि एवढं मिळाल्याशिवाय नवी बातमी देऊ नका. आणि दोन्ही नाकारलं गेलं, वेळापत्रकावर चौदा जागांसमोर खरी नावं भरली गेली, तर निघा. पहिली बातमी नाल्याचीच करा, पण ती नव्यानं जाऊन, नव्यानं मोजून, त्या बांधकाम व्यावसायिकाला फोन करून त्याचं म्हणणं घेऊन लिहा.